रंजनाने काठावर फुगडी घातली

सुरतेला आमच्या लिंबायतच्या ओळीत रंजना राहते. माहेर अमळनेरकडचं, शाळा सातवीपर्यंत, आणि कोरी भिंत दिसली की हिची बोटं शिवशिवतात. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी तिच्या घरी आम्हा खानदेशी लोकांची देवी, कानबाई, बसते. चौरंगामागच्या भिंतीला ती चुना देते आणि काडीला कापूस गुंडाळून गेरूने चित्र काढते. मधोमध कानबाई माय, दोन्ही अंगांना दिवे घेतलेल्या बाया. डोळे मासोळीसारखे, नाकात ही एवढी नथ, प्रत्येकीचा पदर वाऱ्यावर. आरती म्हणताना माझंच लक्ष कितीदा त्या बायांकडे जातं, माय क्षमा करो.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. रंजनाचा नवरा गजेंद्र पांडेसऱ्याला साड्या छापायच्या मिलमध्ये. तिथे डिझाइनं काढणारे छगनभाई दर्शनाला आले. प्रसादाचे रोट भाऊबंदांनीच खायचे असतात, म्हणून त्यांना चहा दिला. तो हातातच गार झाला. ते भिंतीकडे बघत उभे.

"आ कोणे दोर्युं?"

"घरवालीने," गजेंद्र म्हणाला. "दरसाल काढते."

"अने तू मला आज सांगतो? दिवाळीच्या मालासाठी मी मुंबईची पुस्तकं चाळून आंधळा झालो."

दुसऱ्या दिवशी, विसर्जनाला निघायच्या आधीच, छगनभाई कॅमेरा घेऊन हजर. भिंतीचे फोटो काढले, सेठला दाखवले, सेठ हो म्हणाले. रंजनाने हे सगळं कागदावर काढून द्यायचं, साडीच्या काठावर छापायचं. त्या दिवसापासून तिचे पाय जमिनीवर नव्हते. भाजी खारट, पोळी करपलेली, कोणी काही बोललं तर नुसती हसायची. "काकू," मला म्हणाली, "भिंतीवरचं चित्र पुढच्या चुन्याखाली जातं. एकदा तरी माझ्या हातचं कापडावर यावं. कुठली कोण बाई ते नेसून चालेल."

तिने चित्र दिलं. महिन्याभरात नमुन्याची एक साडी छापून आली. अख्खी ओळ तिच्या खोलीत. सासू मालतीबाईंना आधी मान, म्हणून त्यांना नेसवली. निऱ्या झाल्या, काठ खाली सोडला, आणि मालतीबाईंनी पाय मागे घेतला.

"माय वं. देवी पायजोडे ई राहिनी."

सगळ्यांनी खाली पाहिलं. कानबाई पायांशी, एक तर टाचेखाली दुमडलेली. मालतीबाईंनी साडी सोडली, घडी करून देवापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "माले नही नेसनी." आवाज चढवला नाही, पण रंजनाचं तोंड उतरलं. भिंतीवर काढताना हे कधी मनात यायचं कारणच नव्हतं. भिंत कोणी नेसत नाही.

साडी घेऊन आलेले छगनभाई डोक्याला हात लावून बसले. "तर मग देवी पदरावर घेऊ."

"भाई, पदराला आम्ही हात पुसतो," मी म्हटलं.

"पोराचं नाक पुसतो," शेजारची धनश्री म्हणाली.

"अरे, तर तुम्ही बायका साडी नेसता की टॉवेल?"

हसू झालं, पण गोष्ट अडलीच. सोमवारी दिवाळीच्या मालासाठी छपाईच्या चौकटी बनायच्या होत्या. सेठने देवी बघून हो म्हटलेलं. देवी ठेवायला रंजनाचा हात धजत नव्हता. काढली तर सेठ सगळंच रद्द करतील, आणि मुंबईच्या पुस्तकातली फुलं छापून मोकळे होतील. गजेंद्र म्हणाला, "तुझं चित्र आहे, तू सांगशील ते." ती म्हणाली, "देवी काढते. पण चित्र सोडत नाही."

तिने देवीशिवाय काठ काढला. मधे जागा मोकळी, दोन्हीकडून बाया दिवे धरून त्या मोकळ्या जागेकडे बघताहेत. मालतीबाईंनी चष्मा लावला. "ह्या काय नळावर उभ्या शेतस? पाणी येवानी वाट पाही राहिन्यात?"

रंजनाही हसली, आणि हसता हसता थांबली. "आत्याबाई, कानबाई उठली की आपण तापीवर विसर्जनाला जाताना काय करतो?"

"काय करतस? नाचतस. फुगडी घालतस."

एवढं पुरलं. मोकळ्या जागेत दोघी आल्या, हातात हात, अंगं मागे झोकलेली, वेण्या आणि पदर गोल फिरताहेत. दिवेवाल्या आता त्यांच्याकडे बघत होत्या. रंजनाने तीन जोड्या काढल्या, प्रत्येकीची गिरकी वेगळी. एकीचं नाक हुबेहूब मालतीबाईंचं होतं. त्यांनी ओळखलं आणि कागद दोनदा मागून घेतला.

सोमवारी छगनभाई कागद घेऊन सेठकडे गेले. दुपारी गजेंद्र मिलमधून पळत घरी आला, चपलेचा अंगठा तुटलेला. "ठरलं. सेठ म्हणाले, हे तर आधीपेक्षा जिवंत आहे."

छपाईच्या दिवशी रंजना मला ओढूनच घेऊन गेली. लांबलचक टेबलावर पांढरी साडी ताणून लावलेली. एका बाजूला गजेंद्र, समोर त्याचा जोडीदार भटू. जाळीची चौकट ठेवायची, रंग ओतायचा, रबराची पट्टी याने तिकडे ढकलायची, त्याने इकडे. आधी लाल रंग फिरला. नुसती लुगडीच दिसली, आत बाया नाहीत. मग पिवळा, दिवे लागले. रंजनाने माझं मनगट इतकं आवळलं की बांगड्या रुतल्या. राहिला काळा. डोळे, नथी, वेण्या सगळं त्यातच.

"थांबा," ती म्हणाली. पदर खोचला आणि टेबलाशी गेली. "भटूभाऊ, सरका जरा."

भटू छगनभाईंकडे बघायला लागला. छगनभाईंनी मान हलवली. "आपो एने, तिलाच द्या."

गजेंद्रने पट्टी तिच्याकडे ढकलली. "दाब सारखा ठेव. घाबरू नको."

"मी घाबरले नाही," रंजना म्हणाली, आणि दोन्ही हातांनी पट्टी त्याच्याकडे परत लोटली. चौकट उचलली तेव्हा काठभर बाया डोळे उघडून फुगडी घालत होत्या.