पारबताबाईचा धक्का

हे मी बाबांनाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझे लेख वाचता — आणि त्या लेखांतली न भिणारी बाई म्हणजे मीच, असं समजता.

गाडीपासून सुरुवात करते. ते सोपं जातं. बाबांची जुनी अँबेसेडर. पत्रकं वाटायला त्यांनी ती घेतली होती. मागच्या सीटवर, शाईच्या वासात, गठ्ठ्यांवर झोपून मी मोठी झाले. त्या उन्हाळ्यात तिला एक खोड लागली. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन फुरफुरायचं, थरथरायचं — बंद. स्टार्टर आधीच गेलेला, म्हणजे दर वेळी धक्का. खाणीबद्दलच्या सुनावणीच्या आदल्या दिवशी मी बोनेट उघडलं. आधी वाटलं, कार्बोरेटरखालचं गॅस्केट हवा ओढतंय. कडेनं थोडं ऑइल सोडून पाहिलं, आवाज बदलला नाही. मग आयडलचा जेट काढला — अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर इंजिनाला पेट्रोल पुरवतो तो. सुईच्या टोकाएवढं भोक, आणि त्यात कचरा. सायकलच्या पंपानं फुंकला, जेट बसवला, आयडलचा स्क्रू हळूहळू आत घेत राहिले — आणि गाडी जागेवर उभी असताना एका सुरात चालू लागली. बाबा अंगणात टाळ्या वाजवत होते.

म्हणजे गाडी ठीक होती. हे लक्षात ठेवा.

पारबताबाई पोंभुर्ण्याजवळच्या गावातली. ज्या जंगलात ती मोहफुलं वेचायची, तिथं खाण येणार होती. चंद्रपूरच्या जनसुनावणीत विरोधात बोलायला गावातून ती एकटीच तयार झाली. कुणाच्या भरवशावर? माझ्याच. "भिऊ नका, मी शेजारी उभी राहीन," असं मीच तिच्या ओसरीवर बसून सांगितलं होतं. तिला न्यायचं कामही माझंच.

वाटेत चहाला थांबलो. इंजिन चालूच ठेवलं होतं. टपरीवाला म्हणाला, "तिथी कशाले जाता ताई? बोलणाऱ्यायचे नावं लिहून घेऊन राह्यले. पोलीसबी लय हायेत."

पारबताबाई हसली. "लिवू दे ना बाप्पा. माहं नाव तसंबी कोनी लिवत नाई."

मी हसले नाही.

पुढं सागवानात, निर्मनुष्य रस्त्यावर, मी गाडी थांबवली. काहीतरी वाजतंय म्हणाले, बोनेट उघडलं आणि आयडलचा स्क्रू बाहेर फिरवला. आदल्या दिवशी ज्या बोटांनी आत घेतला होता — त्याच बोटांनी. इंजिन बंद.

एवढंच असतं तर? तर कदाचित हे मी कधीच लिहिलं नसतं.

ती उतरली. पदर खोचला. "काऊन घाबरून राह्यली पोरी? तू बस आतमंदी. मी मारतो धक्का."

धक्क्यानं गाडी सुरू करायची, तर वेग आल्यावर क्लच सोडावा लागतो. मी सोडला नाही. दाबून धरला. ती ढकलत राहिली — डांबर तापलेलं, तिच्या एका चपलेचा पट्टा तुटलेला, आणि आरशात फक्त तिचं खाली घातलेलं पांढरं डोकं. "अजून एकदा, बाई," मी म्हणाले. हो, म्हणाले! गरज होती का? तिला संशय येऊ नये, म्हणून. आणि ती परत वाकली.

सुनावणी आटोपली असेल एवढा वेळ गेला, तेव्हा मी स्क्रू जागेवर आणला. पुढच्या धक्क्याला क्लच सोडला. गाडी लगेच सुरू झाली.

चंद्रपुरात पोचलो तेव्हा मंडप सोडत होते. गावातून कुणाचीच हरकत आली नव्हती. लोकांचा आवाज कुणी दाबला, असं विचारणारा माझा जळजळीत लेख तुमच्यातल्या कित्येकांनी वाचलाय. मला शाबासकी दिलीत.

बाबांनी गाडी भंगारात काढली. ऐन वेळी दगा दिला म्हणाले.

खाण सुरू आहे. पारबताबाईच्या दारावरून डंपर जातात. ती अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "पोरीनं लय केलं हो. माह्यातच जोर नाई राह्यला. गाडी ढकलनं झालं नाई माह्याच्यानं."

गेल्या आठवड्यातही सांगत होती. मी तिच्या ओसरीवर बसून, तिनं केलेला चहा पीत होते.