तांबड्या भाताची अक्षरं

भाऊ आमची खारजमीन कोळंबीवाल्याला द्यायला निघाला, तेव्हा मी भाताचा जीनोम वाचायला शिकले.

माझं माहेर पेणजवळ, खाडीच्या काठाला. लग्नानंतर मी रोह्याची झाले. आता शेजारच्या अष्टमी गावात राहते आणि एका कंपनीच्या स्टोअरमध्ये काम करते. शेती धाकटा भाऊ बघतो. वडील होते तोवर त्या जमिनीत तांबडं भात व्हायचं. उंच वाढायचं, वाऱ्यानं आडवं पडायचं, उतारा बेताचा, पण खारं पाणी सोसायचं. वडिलांच्या मागे भावानं जास्त पिकणारं बियाणं आणलं आणि खाडीचा बांध धड होता तोवर ते चाललंही. त्या काळात घरातलं तांबडं संपलं. कोणी मुद्दाम संपवलं नाही, फक्त कोणी राखलं नाही. मग बांध फुटला, पाणी शेतात उभं राहिलं, आणि तेव्हापासून दुकानातलं कुठलंच बियाणं तिथे तग धरेना. गेल्या वर्षी भावानं 'खाऱ्यात चालतं' असं सांगून विकलेलं तांबडं आणलं. ते गुडघ्याएवढं झालं आणि पिवळं पडून गेलं.

शिमग्याच्या सुमाराला कोळंबीवाला जमीन बघून गेला. तळी एकदा खोदली की तिथे परत भात होत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"आत्याकडे आहे की तांबडं," मी म्हटलं.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. ती कासूजवळ दिलेली. लग्नानंतर माहेरचं बी तिच्याबरोबर गेलं होतं आणि बाळंतिणीच्या पेजेपुरतं ती ते अजून दरवर्षी करते.

"आत्याची जमीन गोडी हाय," भाऊ म्हणाला. "इतकी वर्षं गोड्या पाण्यावर वाढलेलं ते. त्यात काय काय मिसळलं असंल, कोणाला ठाऊक. आणि तांबडं काय एकच असतं? मागच्या वर्षीचं पण तांबडंच होतं."

"मग कशानं पटेल तुला?"

"हे बाबांचंच हाय, असं कोणीतरी खात्रीनं सांगू दे. तू सोडून."

"मी का सोडून?"

"ताई, तू माझ्या लग्नात वऱ्हाडाची यादी केलीस, त्यात नवऱ्यामुलाचं नाव नव्हतं."

आतून वहिनी हसली. मी त्या वादात पडले नाही. कोळंबीवाल्याला पाडव्यानंतर उत्तर द्यायचं होतं, ते पावसाळ्याच्या तोंडापर्यंत लांबवायला भावानं कबूल केलं, आणि मी रोह्याला परतले.

दाणा बघून जात सांगता येत नाही, असं मी विचारलेल्या दोन जाणकारांनी सांगितलं. म्हणून मी संगणकावर शोधत बसले, आणि शोधता शोधता एका संकेतस्थळावर पोचले. जगभरातल्या हजारो भातांचा जीनोम तिथे कोणालाही बघायला खुला होता. जीनोम म्हणजे सजीवाच्या पेशीत लिहिलेला सगळा मजकूर, आणि तो ए, टी, जी, सी या चारच अक्षरांत असतो, एवढं मला मुलांच्या पुस्तकांमुळे माहीत होतं. पण तो उघडून वाचता येतो, आणि त्यासाठी कोणी ओळखपत्र मागत नाही, हे माहीत नव्हतं.

पहिल्यांदा पान उघडलं तेव्हा एक आडवी पट्टी आणि तिच्याखाली बारीक रंगीत रेघा दिसल्या. मोबाइलवरच्या नकाशासारखं जवळ आणलं की रेघांची अक्षरं होत होती. थोड्या वेळानं लक्षात आलं, की हे आमच्या स्टोअरसारखंच आहे. आमच्याकडे कुठल्याही वस्तूचा पत्ता रॅक आणि कप्पा असा असतो. भाताला बारा गुणसूत्रं आहेत, म्हणजे बारा रॅक, आणि प्रत्येक अक्षराला त्याच्या रॅकवरचा क्रमांक. पत्ता टाकला की तेवढाच कप्पा समोर येतो आणि निरनिराळ्या भातांचा तोच कप्पा एकाखाली एक लावून बघता येतो.

तांबडेपणाचा पत्ता सातव्या गुणसूत्रावर मिळाला. तिथे एक जनुक आहे. तांबड्या भातात ते शाबूत असतं. पांढऱ्या भातात बहुतेक ठिकाणी त्यातली चौदा अक्षरं गळालेली असतात. मी जन्मभर समजत होते, की भात मुळात पांढरा आणि तांबड्यात काहीतरी जास्तीचं आहे. ते उलटं निघालं. त्या दिवशी कुकर लावताना मी मूठभर तांदूळ बराच वेळ हातात धरून बघत होते, आणि यजमानांनी विचारलं, "किडे झालेत का?"

पण माझं काम वेगळं होतं. आमच्या भागातलं भात या यादीत आहे का? शोधायच्या चौकटीत रायगड टाकलं, काही आलं नाही. पेण टाकलं, रोहा टाकलं, काही नाही. दोन दिवस गेले. मग ऑफिसात जुनी कागदपत्रं आवरताना एका दाखल्यावर 'जिल्हा कुलाबा' असं दिसलं, आणि मी जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून संगणकाकडे गेले. आपल्या जिल्ह्याचं नाव पुढे कुलाब्याचं रायगड झालं, पण ज्यांनी बी गोळा केलं त्यांनी त्या वेळचंच नाव लिहिलं असणार. कुलाबा टाकल्यावर काही ओळी आल्या. एकीत लिहिलं होतं: दाणा तांबडा, जमीन खारी, तालुका पेण.

त्या ओळीशेजारी संपर्काचा पत्ता होता. मी सरळ लिहिलं, काय हवं आहे आणि का. उत्तर एका संशोधक बाईंकडून आलं, आणि मराठीत आलं. त्यांच्याकडच्या साठ्यातलं बी चिमूटभरच मिळतं, ते वाढवून शेतभर करायला काही वर्षं लागतील, असं त्यांनी कळवलं. मात्र तुमच्या आत्यांकडचं बी पाठवलंत तर चालू कामात ते बसवून घेऊ आणि कुलाब्याच्या ओळीशी ताडून बघू, असंही लिहिलं. मी त्याच रविवारी गाडीनं कासूला गेले. आत्यानं कॉफीच्या बाटलीत भात घालून, वर फडकं बांधून माझ्या हातात दिलं. त्यातलं अर्धं मी तसंच पाकिटात घालून पोस्टात टाकलं.

निकालाची फाइल आली तेव्हा सोबत बाईंची चिठ्ठी होती: नमुना ताडता येत नाही. मी फाइल त्या पट्टीवर चढवली आणि सातव्या गुणसूत्रावर गेले. तिथे दोन्ही मजकूर होते. शाबूत तांबडा होता आणि चौदा अक्षरं गळालेला पांढराही. पुढे मागे सरकले तरी तेच, ठिकठिकाणी दोन-दोन अक्षरं. भाताचं बी स्वतःच्याच फुलातून होतं, त्यामुळे एका जातीत बहुतेक जागी एकच अक्षर सापडायला हवं. म्हणजे भाऊ म्हणाला ते खरं होतं, आत्याकडचं भात मिसळलं होतं. त्याला हे फोनवर सांगावं की नाही, यावर मी पूर्ण एक दिवस घालवला. शेवटी आधी आत्याकडे गेले.

आत्या ओटीवर वाल सोलत होती. मी विचारलं, तांबड्याच्या शेजारी पांढरं लावतेस का, एकाच कणगीत ठेवतेस का.

"येडी का काय गो तू? दोन भातं एका कणगीत कोण ठेवंल?"

"मग बाटलीत पांढरं कुठून आलं?"

"ते मी घातलंय," आत्या म्हणाली. "मूठभर. बी घराबाहेर एकटं धाडतात काय? सोबत द्यायला लागते. तुझी आई नव्हती द्यायची?"

देत होती. कोणी बी न्यायला आलं की आई दुसऱ्या भाताची मूठ त्यात टाकायची, आणि नेणारी माणसं ती बांधाकडेला पेरायची. पाकिटातलं बियाणं आल्यापासून घरातून बी बाहेर जाणंच थांबलं होतं आणि ती मूठ माझ्या ध्यानातून गेली होती.

"आत्ये, ती मूठ तपासणीला गेली."

"मग? पास झाली का नाय?"

मी हसत सुटले आणि बराच वेळ थांबू शकले नाही. तिनं वालाचं सूप बाजूला सरकवलं आणि आत चहा टाकायला गेली.

बाईंना सगळं जसंच्या तसं कळवलं. त्यांनी लिहिलं, की पहिल्यांदा त्यांनी मोड एकत्र वाटले होते. आता प्रत्येक दाणा वेगळा रुजवा आणि प्रत्येक रोपाचं पान वेगळं पाठवा. मी बाटलीतलं उरलेलंच भात घेतलं. अष्टमीच्या गॅलरीत चहाचे कागदी पेले मांडले, प्रत्येकात एक दाणा, पेल्यावर क्रमांक. पानं वाळवायला बुटांच्या खोक्यांतून येणाऱ्या सिलिकाच्या पुड्या वापरल्या. त्या मी कधीच टाकत नाही. यजमानांनी गॅलरीत उभं राहून चहा प्यायचं तेवढे दिवस सोडून दिलं.

या खेपेला चित्र स्वच्छ आलं. तीन रोपं पांढऱ्याची होती, आत्याच्या मुठीतली. बाकी सगळी तांबडी, आणि मी कुलाब्याच्या ओळीखाली त्यांच्या ओळी लावल्या तेव्हा रेघेखाली रेघ येत गेली. पहिल्या गुणसूत्रावर मीठ सोसण्याशी ज्याचा संबंध सांगतात तो भाग मी अक्षर-अक्षर सरकवत बघितला. बाजारातल्या जातीची ओळ तिथे वेगळी पडत होती. आत्याची आणि कुलाब्याची जुळत होती. गोड्या जमिनीत इतकी वर्षं काढूनही तो मजकूर पुसला गेला नव्हता, कारण त्याला पुसायला कोणी लागलंच नव्हतं.

बाईंनी दोन गोष्टी लिहिल्या. एक, भात तेच आहे हे त्या सांगू शकतात. तुमच्या आजच्या जमिनीत ते कसं येईल, हे नाही. दोन, ही माहिती संकेतस्थळावर ठेवायला परवानगी हवी.

परवानगीवरून भाऊ बिथरला. "म्हणजे आपलं भात कोणीपण उचलून न्यायचं?"

"आपलं नाही, आत्याचं आहे," मी म्हटलं. "आणि कुलाब्याची ओळ कोणी दडवून ठेवली असती, तर आपण कशाशी ताडलं असतं?"

आत्याला विचारायला तिला फोन लावला.

"लोकांनी बघून माझं भात कमी होणार हाय का?"

"नाही."

"मग बघू दे. माझा फोटू तेवढा नको टाकू, डोळा सुजलाय."

गावाचं नाव न देता फक्त तालुका लिहायचा, असं ठरलं आणि मी होकार पाठवला.

मग भावाला मी माझ्या संगणकासमोर बसवलं आणि तीन ओळी दाखवल्या: बाजारातली, कुलाब्याची, आत्याची. त्यानं बोट पडद्यावर ठेवून सगळी पट्टी बघितली. शेवटी म्हणाला, "एक तुकडा टाकून बघू. बांधाजवळचा, सगळ्यात खारा. तिथं राहिलं तर राहिलं." कोळंबीवाल्याला त्यानं गणपतीपर्यंत थांबायला सांगितलं. तो माणूस थांबायला तयार झाला, पण कुरकुरत.

आत्यानं दिलेलं बी भिजवून, मोड आणून भावानं चिखलात फेकलं. पाऊस बरा झाला. आषाढातल्या उधाणाला डागडुजी केलेला बांध एका जागी खचला आणि खाडीचं पाणी तुकड्यात शिरलं. ते उतरायला वेळ लागला. त्या दिवसांत मी फोन केला नाही. जीनोमच्या पट्टीवर जाऊन मात्र बसत होते, जसं काही तिथे कळणार होतं.

फोन त्याचाच आला. मी कामावर होते, समोर मालाची गाडी रिकामी होत होती.

"ताई, शेंडे जळलेत. खालून हिरवं हाय. नवी पानं काढतंय."

"सगळं?"

"कोपरा गेला. बाकी उभं हाय."

मी विचारलं, कोळंबीवाल्याचं काय.

"त्याला सांगितलं, दुसरीकडं बघ." मग म्हणाला, "आत्याकडं अजून किती असंल गं? पुढच्या वर्षी सगळ्या जमिनीला पुरायला पायजे."

"विचारते."

"नको," तो म्हणाला. "मीच जातो कासूला."