आडवं धरलेलं पुस्तक

लिहिणं हे आमच्या घरात कुणी केलेलं काम नाही. कॉलेजात गेलेला मीच पहिला, त्यामुळं हे लिहिताना दुसऱ्याच्या खुर्चीवर न विचारता बसल्यासारखं वाटतं. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. सांगायचं आहे ते आमच्या म्हशीच्या श्वासाबद्दल.

भूकंपात घर पडल्यापासून आम्ही निलंग्याजवळच्या गावात पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो. मी लातूरला खोली करून बारावीचे क्लास करत होतो. क्लासला नाव घातलं त्या दिवसापासून गावानं मला डॉक्टर करून टाकलं. सुट्टीला गेलो की कुणी जीभ दाखवायचं, कुणी गुडघा.

त्या दिवाळीत आईची म्हैस आजारी पडली. आईनं ती माहेराहून आणलेली, तिच्या जिवाची. दूध आटलं, रवंथ करणं थांबलं. पुढच्या पायांची कोपरं बाहेर काढून ती उभी राहायची, बसताना कण्हायची, आणि श्वास अगदी तोकडा.

"दाखव आता तुझी डॉक्टरकी," आई म्हणाली.

मी जीवशास्त्राचं पुस्तक काढलं. चित्रात एक माणूस उभा. वर छातीचा पिंजरा, त्यात हृदय आणि फुफ्फुसं. त्याच्या तळाशी घुमटासारखा स्नायूंचा पडदा, श्वासपटल. पडद्याखाली पोट. बरगड्यांमधले स्नायू पिंजरा उचलतात, पडदा खाली सपाट होतो, आत हवा येते. मला सगळं तोंडपाठ होतं. तसाच हिशेब मी म्हशीला लावला: पोट खाली, म्हणजे फुफ्फुसं वर, पाठीत. दुखणं पाठीत आहे, असं सांगून टाकलं. आईनं लगेच पोतं गरम करून तिची पाठ शेकायला घेतली.

दुपारी ढोरांचे डॉक्टर आले.

"पाठ कामून शेकायलात, मावशी?"

"आमच्या डॉक्टरनं सांगितलं," आईनं माझ्याकडं बोट केलं.

मी भीत भीत पुस्तक पुढं केलं. ते इतके हसले की म्हशीनंही मान वळवली. "अरे, ह्यो माणूस उभा हाय. तुमची म्हैस कधी दोन पायांवर चालली का?" आणि त्यांनी पुस्तक माझ्या हातातच आडवं केलं.

त्या एका क्षणात मला म्हैस आतून दिसली. पडदा भिंतीसारखा उभा झाला. भिंतीच्या पुढं हृदय, आणि मागं, अगदी टेकून, म्हशीच्या पोटाच्या चार कप्प्यांतला जाळीसारखा कप्पा. जनावर जे जड गिळतं ते या जाळीत पडतं, डॉक्टर म्हणाले. त्यांनी तिची पाठ खांद्यांमागं जोरात चिमटली, तशी पाठ वाकवताना आत टोचून ती कण्हली.

"तार गिळलीय. शेड बांधताना तुकडे कडब्यात पडले असतील. पडदा हलला की टोचतंय, म्हणून बिचारी नुसत्या बरगड्यांवर श्वास घेऊन राहिली. तार पडद्यापलीकडं हृदयात गेली, तर मग काही खरं न्हाई."

त्यांनी इंजेक्शन दिलं, एक लोहचुंबक तिच्या घशाखाली उतरवलं, आणि तार मागं सरकावी म्हणून पुढचे पाय उंचावर ठेवायला लावले. उंचवटा शोधायला लांब जावं लागलं नाही. पडलेल्या घराची माती होतीच. ढिगाऱ्यावर पुढचे पाय ठेवून म्हैस उभी राहिली, तर शेजारचे काका ओरडले, "अरे, माईक आणा, बाई भाषण करायलीत!" आईसुद्धा हसली.

जाताना डॉक्टर आईला म्हणाले, "कूस हलली म्हंजे आतला पडदा हलला. बरगडी अन् कूस, दोन्ही हलायला लागली की म्हैस तुमची."

दुसऱ्या दिवशी क्लासची परीक्षा होती, मला लातूरला परतावं लागलं. घरी फोन नव्हता. आईचा डबा मात्र रोज गावाकडच्या एसटीनं यायचा, आणि आम्ही पोरं स्टँडवर त्यासाठी उभे असायचो. आधी डब्यात दही असायचं, आता नुसती भाकरी आणि चटणी. कंडक्टरांना म्हशीचं विचारायचं टाळून मी डबा घेऊन निघायचो. वर्गात फळ्यावर श्वासपटल काढलं की मी मान आडवी करून बघायचो.

मग एका दुपारी कंडक्टरांनी खिडकीतूनच डबा दिला. "वाकडा धरू नको, दही हाय! अन् आईचा निरोप हाय: बरगडी हलायली, कूसबी हलायली, सकाळपासून रवंथ करायली. अन् पुस्तक आडवं धरून वाच म्हणाली!"