आठ कवींचा सेट

आमच्या ह्यांच्या एका मित्राइतकं कवितेवर प्रेम करणारा माणूस साऱ्या सुरतेत नव्हता, आणि कवितेचे इतके हाल करणाराही नव्हता. तिथल्या उधना भागात आम्ही एकाच मजल्यावर राहायचो. मी त्यांना भाऊजी म्हणायचे. दिवसभर ते साड्यांच्या मार्केटात नोकरी करत आणि संध्याकाळी कवितेच्या मागे लागत. कुणी कविता दाखवली की आधी कागद दोन बोटांत चोळून पाहणार आणि मग निकाल देणार, "पोत बरा आहे, पण एका धुण्यात रंग जाईल!"

घरोघर केबल आलं त्या सुमारास त्यांनी सुरतेतल्या आजच्या मराठी कवींच्या निवडक कवितांचं पुस्तक काढायला घेतलं. मार्केटात साड्या सेटमध्ये विकल्या जात, डिझाइन एक आणि रंग आठ. म्हणून कवीही आठच. सात पुरुष जमले, आणि आठव्या रंगासाठी भाऊजी आमच्या दारात. "वहिनी, सेटमध्ये एक बाई पाहिजे. तुम्ही लिहिता म्हणे!" चुगली ह्यांचीच. माझी शाळा चौथीपर्यंत. आई गेली तेव्हा चार ओळी सुचल्या होत्या, त्या दाराआडूनच दिल्या.

प्रकाशन गणपतीच्या मांडवात झालं. पुस्तक उघडलं तर सगळीकडे चंद्र! सेट जुळावा म्हणून भाऊजींनी आठही कविता स्वतःच्या हाताने सुधारल्या होत्या. बारडोलीच्या साखर कारखान्यातल्या कवीच्या उसात चंद्र उगवला होता. नवागामच्या कारागिराच्या लूमवरही चंद्रच बसला होता. तो ताडकन उठून अहिराणीत ओरडला, "भाऊ, हाई मनी कविता नही शे!" मागोमाग बाकीचे सहा. माइकजवळ भाऊजी एकटेच उरले. हातातलं पुस्तक ते उगाच बोटांनी चोळत होते, आणि लोक हसत होते.

चार माणसांत मी कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी पदर सावरून उठले, माइकपाशी गेले आणि माझ्या नावाखाली छापलेली कविता वाचली. तिच्यात आई कुठेच नव्हती, चंद्र मात्र दोनदा होता. "ही माझी आहे," म्हणाले आणि खाली बसले. हसणं थांबलं. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

घरी परतताना जिन्यात भाऊजी थांबले. खाली बघत म्हणाले, "वहिनी, तुमची मूळची कशी होती हो? माझ्याकडचा कागद मी टाकून दिला."

"आता नाही आठवत, भाऊजी," मी म्हटलं.

पुढे ते गावी गेले, आणि तिकडेच वारले. माझ्या त्या चार ओळी मला तेव्हाही पाठ होत्या, अजूनही आहेत. पण पुन्हा कुणी विचारलं नाही.