खोल उमटलेला आकडा

नंबर ठोकायचे पंच निवडायला पेणच्या बाजारात मी स्वतः गेले होते, हे आधीच कबूल करते. नवऱ्यावर ढकलायची सोयच नाही.

रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात आमचं छोटं वर्कशॉप आहे. नवरा जाड पोलादी पट्ट्या कापतो, दोन्ही टोकांना भोकं पाडतो आणि त्या तापवून, तेलात बुडवून कडक करतो. माझं माहेर पेणचं, मोठ्या भावाचा गणपतींचा कारखाना आहे. मोठी मूर्ती चेनकप्पीने उचलताना कप्पी आणि दोर यांच्यामध्ये अशी पट्टी लागते, आणि ती किती किलो पेलेल तो आकडा तिच्यावर हवा. आकडे ठोकायचं काम माझं. तेही पट्टी कडक व्हायच्या आधी, नंतर पंच तिच्यावर चालत नाही.

जुने पंच झिजले होते. दुकानदाराने दोन संच पुढे ठेवले. एक धारदार, सुरीने कापल्यासारखा आकडा उठवणारा. दुसऱ्याचा आकडा बोथट ठिपक्यांचा.

"वहिनी, वजन उचलायच्या मालाला ठिपक्यांचेच घ्या," तो म्हणाला. "धारेचा घाव पोलादाला बाधतो."

मला वाटलं, पडून राहिलेला माल माझ्या गळ्यात मारतोय. मी काय कालपरवा आले होते या धंद्यात? शिवाय मूर्तींच्या कारखान्यात सगळ्यावर प्लास्टरची धूळ बसते. ठिपके दोन दिवसांत बुजले असते, आणि खालच्या माणसाला तर मान वर करून आकडा वाचता यायला हवा. मी धारदार संच उचलला. घरी येऊन प्रत्येक पट्टीच्या खालच्या भोकाला अगदी लागून पाचशे ठोकले, एकेका आकड्यावर तीन-तीन घाव. भाऊ खूश झाला. "आता कसं लांबून दिसतंय गो!" म्हणाला आणि शेजारच्या कारखानदारालाही त्याने एक पट्टी देववली.

यंदा मूर्तींची घाई सुरू असताना मी त्याच्याकडे गेले होते. एक पट्टी पातळ केलेल्या लाल रंगाने भरलेल्या बादलीत पडली. त्याने ती काढून फडक्याने लख्ख पुसली आणि फळीवर ठेवली. आमचा चहा होईस्तोवर तिच्यावर पांढरी धूळ बसली. सहज बघितलं तर त्या धुळीत केसाएवढी लाल रेघ. पाचाच्या कोपऱ्यातून निघून थेट भोकापर्यंत गेलेली. मी बोटाने पुसली. थोड्या वेळाने ती परत उमटली.

"दादा, ही चिरलेय."

"नाय गो, डाग असंल."

मी ती शिकंज्यात धरायला लावली आणि त्याला हातोडा मारायला सांगितला. एकाच घावात पट्टीचे दोन तुकडे झाले, बरोबर माझ्या पाचावर. तुटलेल्या जागी अर्ध्या जाडीपर्यंत लाल रंग मुरला होता. म्हणजे तेलात बुडवली तेव्हाच ती माझ्या घावातून चिरली असणार. वरून मात्र पाचशे लिहिलेलं. आदल्याच दिवशी, हीच पट्टी वर लटकत असताना, भाऊ मूर्तीच्या बैठकीखाली शिरून काम करत होता.

मग शेजारची पट्टी आठवली. मी चप्पल न घालता धावले.

तिथे मूर्ती जमिनीपासून हातभर वर होती, आणि म्हातारा कारागीर तिच्याखाली आडवा होऊन बैठक घासत होता. वर माझी पट्टी.

"काका, बाहेर या! आधी बाहेर या!"

त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं, मला मूर्तीच्या वजनाची भीती वाटतेय. हसून म्हणाला, "भिऊ नको गो, ताय. तुझा पाचशे वाचूनच आत शिरलोय."

मी खाली वाकले आणि त्याचे पाय धरून त्याला बाहेर ओढलं.