वाघिणीचा डावा डोळा

वाघिणीला उद्योग द्यायचा, असं आम्ही म्हणायचो. साहेब लोक त्याला एनरिचमेंट म्हणत. जनावर रिकामं राहिलं की जाळीला लागून येरझाऱ्या घालतं, पायाखालचं गवतसुद्धा मरतं. म्हणून कधी मांस ओंडक्यात लपवायचं, कधी पेंढा भरलेलं पोतं झाडाला टांगून त्याला दालचिनी-लवंगेचा वास चोळायचा. ती हुंगते, ओरबाडते, लोळते. तेवढा वेळ तिचा बरा जातो.

हे प्राणिसंग्रहालय आमच्या जळकोटापासून लई लांब, परमुलखात. भूकंपात घराच्या भिंतींना हात मावेल एवढ्या भेगा पडल्या आणि माझी शाळा सातवीतच सुटली. तेव्हापासून मी भित्राच. तरी जनावरं सांभाळायच्या या नोकरीचे उपकार मोठे. धाकटा भाऊ डॉक्टर व्हायचं म्हणून लातूरला शिकवणीला होता. त्याची खोली, डबा माझ्याच पगारावर. नोकरी गेली तर त्याचं काय, ही धास्ती रोज सोबतीला.

त्या दिवशी भांडारातले मसाले संपले होते. माझ्या पेटीत आईनं दिलेलं काळं तिखट होतं. डबा उघडला की दगडफूल, खसखस, भाजलेलं खोबरं, सगळं घर नाकात यायचं. म्हटलं, याहून चांगला वास कुठला? पोत्याला मूठभर चोळलं. त्यात मिरची असते हे ध्यानातच आलं नाही. लहानपणापासून भाकरीवर तेच. आमच्या नाकाला ते झोंबतच नाही.

पोतं टांगून बाहेर आलो, कुलूप ओढून पाहिलं, मग बाहेरूनच आतल्या पिंजऱ्याचं सरकतं दार उचललं. वाघीण आली, तिनं पोतं हुंगलं आणि ती त्यावर गाल घासायला लागली. मी खूश. मग ती शिंकली. परत शिंकली. पंजानं डावा डोळा चोळला आणि तो मिटला तो उघडेचना.

मी पळत डॉक्टर मॅडमकडं गेलो. "मॅडम, पोत्याला घरचं काळं तिखट लावलं. वाघिणीचा डोळा..."

त्या ओरडल्या नाहीत. "पाइप काढा. जाळीजवळ बोलवा तिला, हलकी धार सोडा."

जोडीला नांदेडचे चाचा होते, जुने कीपर. त्यांनी पाइप माझ्याच हातात दिला. "तुझा आवाज वळखते ती."

मी पाइप धरून रडतच उभा राहिलो. ती पंजानं चोळतच होती. एक नख लागलं की संपलं.

"बेटा, वाघिणीला रस्सा वाढून राहिला होतास का?" चाचा म्हणाले. "भाकर तरी चुरायची."

"चाचा, मजाक नका करू. डोळा गेला तर?"

"मग हाक मार की! रडून काय राहिलास?"

मारली. ती वळली, आली, जाळीला तोंड लावून उभी राहिली. कपाळावरून धार सोडत राहिलो. ती हलली नाही.

मॅडम वाकून पाहत होत्या. "नख लागलेलं दिसत नाही. पण उघडू दे आधी."

तिला आत घेतलं, पोतं काढून टाकलं. मी तिच्या पिंजऱ्यासमोरून उठलो नाही. दुपारी आईचा फोन आला.

"जेवलास का?"

"न्हाई." मग सगळं सांगितलं.

"बाई बाई! धुतलंस का लेकराला?"

"हाव."

"कडंनं जरा तूप लाव की."

"आई, वाघीण हाय ती!"

ऊन कलताना मॅडम परत आल्या. मी गजांशी जरा जास्तच वाकलो होतो. तेवढ्यात डावी पापणी फाकली. आत लालभडक, पाणी गळत होतं. तो डोळा माझ्यावर थांबला आणि वाघिणीनं सरळ झेप घेतली. गज घणघणले. मी मागं उताणा पडलो.

"नेम बरोबर धरला," चाचा म्हणाले. "दिसतंय तिला."

मॅडम हसल्या. मी पडल्या पडल्याच त्यांना हात जोडले.