दोन गाड्या आणि आईचा पाय

१२ एप्रिल, रविवार. सकाळी हातात काम होतं ते स्वतःच्याच उजव्या पायाला लाकडी पट्टी बांधण्याचं. जुन्या फाटक्या लुगड्याच्या चिंध्यांनी मांडीपासून टाचेपर्यंत पट्टी आवळली आणि भिंतीला धरून उभी राहिले.

आईचा पाय असाच सरळ ठेवायचा होता. टँकरच्या गर्दीत कळशी घेऊन ती पडली आणि मांडीचं हाड मोडलं. लातूरच्या डॉक्टरांनी तात्पुरतं प्लास्टर घातलं आणि सोमवारी नांदेडला हाडांच्या डॉक्टरांकडे न्यायला सांगितलं. "वाटेत पाय वाकला आणि हाड सरकलं, तर पाय कायमचा आखूड राहील," हेही बजावलं. एसटी शक्यच नव्हती. दोन गाड्या मिळत होत्या, दोन्ही भारी. आईला आतबाहेर करून दोन्ही पाहण्यापेक्षा आपणच आधी बसून बघावं, असं मी ठरवलं.

पहिली गाडी शेजारच्या कंत्राटदारांची. लातूर जिल्हा झाल्यापासून नव्या कचेऱ्यांची बांधकामं निघत होती, त्यातून त्यांचं बरं चाललं होतं. गाडी नवी, लांबलचक, आत मखमलीसारखं कापड. शेजारीणबाईंनी ती आपण होऊन देऊ केली, ड्रायव्हरसकट. मी मागच्या सीटवर आडवा पाय टाकून बसले आणि कमरेपर्यंत आत गेले. आधी फार बरं वाटलं. मग लक्षात आलं की कंबर खाली आणि टाच वर, म्हणजे सगळा ताण मांडीवर. सीटच्या मधोमध उंचवटा होता, तो नेमका गुडघ्याखाली आला. टाच एका दाराला टेकली तेव्हा पाठीत दुसऱ्या दाराची मूठ रुतत होती. बाहेर पडताना शेजारीणबाई आणि त्यांची मुलगी, दोघींनी मला ओढून काढलं.

"वैनी, धडधाकट तुम्ही, तुम्हाला काढायला दोघी लागल्या. मावशींचं कसं व्हायचं?" त्या म्हणाल्या. त्यांनाच जास्त वाईट वाटत होतं.

दुसरी गाडी आईच्या जावयांची, माझ्या धाकट्या बहिणीच्या यजमानांची. ते निलंग्याहून ती घेऊनच आले होते. त्यांच्या वडिलांनी हैदराबादेत कुण्या नवाबाच्या घरून विकत घेतलेली परदेशी गाडी. चामडं तडकलेलं, पण सीट दिवाणासारखी सपाट आणि घट्ट, खुर्चीइतकी उंच. दार कपाटाएवढं. ड्रायव्हरशेजारच्या सीटची पाठ मागे पाडली की ती मागच्या सीटला जाऊन मिळायची आणि सरळ बिछाना व्हायचा. मी मागे टेकून पाय पुढे सोडला. कुठे वाकला नाही, कुठे रुतला नाही.

"काय अक्का, झोपूनच गेल्या का?" जावई स्टिअरिंगवर बसून हसत होते.

मी आत जाऊन आईला निकाल सांगितला. तिने एकच विचारलं, "पाय कुठं येतो माझा?"

"पुढं. ड्रायव्हरच्या शेजारी."

"आन् गाडी कोण चालवून राहिलं?"

गाडी जावईच चालवणार होते. दुसऱ्या कुणाच्या हाती ती सुरूसुद्धा होत नसे.

"मंग न्हाई. जावयाच्या मांडीजवळ पाय नेऊन ठिवू? त्या मऊ गाडीत जाते मी. दुखलं तर दुखू दे."

दारातून जावई म्हणाले, "मामी, नुस्तं प्लास्टर दिसून राहिलंय. पाय कुठं दिसतो?"

"आत पायच हाय की," आई म्हणाली आणि पदर ओढून भिंतीकडे वळली.

मी पाय आखूड राहण्याची भीती घातली. ती म्हणाली, आखूड तर आखूड. बहिणीच्या लग्नाला बारा वर्षं झाली तरी जावयासमोर ती बाजेवर बसलेली मी पाहिली नव्हती. ते आले की ती खाली उतरायची. त्या बाईला नांदेडपर्यंत टाच त्यांच्या कोपराशी ठेवायला सांगून काही उपयोग नव्हता.

मी पुन्हा गाडीत गेले. पट्टी अजून पायालाच होती. या वेळी उलटी बसले, डॅशबोर्डला गोधडीची वळकटी लावून तिला पाठ टेकली, पाय मागच्या सीटवर. जावयांनी गल्लीतून दोन चकरा मारल्या. थोडं गरगरलं, पण पाय हलला नाही.

आईला तसं सांगितलं. जावईच म्हणाले, "पण मामी, आता तुमचं डोकं माझ्याशेजारी येईल, ते चालंल का?"

"डोक्यावर पदर घेता येतो," आई म्हणाली. "पायावर कोणता घेऊ?"

सोमवारी उजाडता निघालो. मी मागे कडेला बसून तिचा पाय धरला होता. आई मागच्या काचेतून रस्ता बघत होती: रिकामी शेतं, टँकरच्या रांगा, आमचीच धूळ. एकमेकांची तोंडं दिसत नसल्यामुळे असेल, ती आणि जावई बोलायला लागले. अहमदपूरपर्यंत माझ्या बहिणीची वरणातली मिठाची चूक, तिचा रुसवा, सगळं निघालं. बारा वर्षांत एवढं झालं नव्हतं.

"आमच्या पोरीला काही येत न्हाई, ठावं हाय मला," आई म्हणाली. "तुम्ही निभावून घेता."

"आता तुम्हीच म्हणून राहिलाय तर मी काय बोलू?" जावई म्हणाले.

नांदेडला फोटो काढला. हाड होतं तिथेच होतं. डॉक्टरांनी पाय उचलून दोरीला वजन लावलं. पाय हवेत, तोही थेट वॉर्डच्या दाराकडे. संध्याकाळी जावई चहाचा थर्मास घेऊन दारापर्यंत आले, एकदा पाहिलं आणि थर्मास माझ्या हातात देऊन बाहेरच थांबले. आईने डोळे मिटून घेतले होते. चहा प्यायलीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सिस्टरांची परवानगी काढली, दोन आया हाताशी घेतल्या आणि दोरी, वजन, सगळ्यासकट पलंग फिरवला. पाय खिडकीकडे, डोकं दाराकडे. मग खाली जाऊन गाडीत झोपलेल्या जावयांना उठवलं आणि चहाला वर पाठवलं.